पाण्याकाठचा रविवार

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्यानं द्यायची गरज नाही, मनातल्या मनात द्या. नदीकाठी तुम्ही शेवटच्या कधी बसला होतात? पाय धुवायला, दिवा सोडायला, कुणाच्या दहाव्याला, पुण्याच्या पाहुण्यांना रामकुंड दाखवायला, हे सगळं वगळायचं बरं का. नुसतं बसायला?

आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला एरवी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. ‘जरा गंगेवर जाऊन येते’ असं म्हटलं की घरात कुणी ‘कुठे’ म्हणून विचारत नाही. पण ‘कशाला’ म्हणून मात्र विचारतात. आणि त्या ‘कशाला’चं उत्तर आपल्याजवळ तयार असावं लागतं. कार्तिकातलं स्नान आहे, गावठी भाजी घ्यायला बुधवारच्या बाजारात जायचंय, नारोशंकराच्या देवळाजवळ कुणीतरी भेटणार आहे. ‘बसायला’ हे उत्तर चालत नाही. पुरुषांचं तसं नाही. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर पाहा, पेन्शनर मंडळी रांगेनं बसलेली असतात. त्यांना कुणी विचारत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात आलं ते एका चित्रामुळे. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. चित्रकलेच्या बाई निवृत्त झाल्या आणि नवीन येईपर्यंत त्यांचा एक तास माझ्याकडे आला. (अर्धवेळ शिक्षिकेला अर्धा वेळ मोकळाच असतो, अशी शाळेतही समजूत आणि घरीही!) त्यांच्या कपाटात एका जुन्या कॅलेंडरची पानं जपून ठेवलेली होती. त्यातल्या एका पानावर हे चित्र होतं. नदीकाठची हिरवळ, छत्र्या घेतलेल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष, पाण्यात शिडाच्या होड्या. खाली चित्रकाराचं नाव, झॉर्झ सरा.

चित्राचं नाव लांबलचक आहे, ‘ला ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार’. पॅरिसजवळ सीन नदीत हे बेट आहे. सरानं १८८४ साली चित्र सुरू केलं तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. महिनोन् महिने तो बेटावर जाऊन बसत असे. माणसांची, झाडांची, नुसत्या हिरवळीवरच्या सावल्यांची त्यानं पन्नासहून अधिक लहान चित्रं आणि रेखाटनं केली. मग घरी येऊन सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद अशा कॅनव्हासवर ती सगळी माणसं एकत्र आणली. १८८६ च्या मे महिन्यात पॅरिसच्या एका प्रदर्शनात ते पहिल्यांदा टांगलं गेलं, तेव्हा लोक म्हणे हसले. ही माणसं आहेत की लाकडी बाहुल्या, असा सूर निघाला.

गंमत सांगते. चित्र घरी आणलं होतं, ते सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. सासूबाई सातवी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, “एवढ्या नटूनथटून आल्यात, मग कुणी कुणाशी बोलत का नाही गं?”

मी पुन्हा पाहिलं, तर खरंच की! चाळीसहून अधिक माणसं आहेत चित्रात, तीन कुत्री आहेत, दोरी बांधलेलं एक माकडसुद्धा आहे, पण कुणाचं तोंड कुणाकडे नाही. बहुतेक सगळे पाण्याकडे बघताहेत. मोठमोठ्या समीक्षकांनी शंभर वर्षं ज्याबद्दल लिहिलं, ते आमच्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं. आपल्या गंगेवर चाळीस माणसं जमली तर एकमेकांची सात पिढ्यांची चौकशी होईल. तिथे मात्र सगळे गप्प. कोट, टोपी, कंबर आवळलेला झगा, मागे फुगवटा. सुट्टीसुद्धा इस्त्री करून घातल्यासारखी.

आता ‘रविवार’ या शब्दाजवळ जरा थांबू या. सरा बेटावर बसून रविवार रंगवत होता, त्याच १८८४ साली आपल्या मुंबईत रविवार मागण्याची तयारी चालू होती. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी गिरणीकामगारांची संघटना उभी केली ती १८८४ मध्ये. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी, आणि ठरलेली आठवड्याची सुट्टी अशी नाहीच. मागणी मान्य व्हायला सहा वर्षं लागली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली, त्या सभेत दोन कामकरी बायकाही बोलल्या असं नोंदलेलं आहे. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली.

त्या दोन बायका काय बोलल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. त्यांना रविवार मिळाला, पण तो गिरणीतला. घरातली चूल रविवारी बंद ठेवा असं कुणी कबूल केलं नव्हतं, अजूनही केलेलं नाही. उलट रविवारी आपल्याकडे काम वाढतं. शनिवारी इडलीचं पीठ वाटायचं, रविवारी नाश्ता उशिरा, म्हणून जेवण उशिरा, म्हणून भांडी उशिरा; मुलांचे गणवेश, आठवड्याची भाजी निवडणं, कुणीतरी येणं. सगळ्यांचा रविवार पार पडावा म्हणून एक माणूस रविवारी कामावर असतं. ते कोण, हे मी सांगायला नको.

सराच्या चित्रातही असं एक माणूस आहे, नीट शोधावं लागतं. डावीकडे झाडाजवळ एक बाई पाठमोरी बसली आहे. तिचा चेहरा दिसतच नाही, नुसता एक करडा ठोकळा आणि पाठीवर लाल फीत. ती आहे दाई. शेजारी छत्रीखाली जी म्हातारी बसली आहे, तिची देखभाल करायला आलेली. बेटावर आली आहे, हिरवळीवर बसली आहे, पण तिचा रविवार नाही. सरानं तिला चेहरा दिला नाही, पण तिला गाळलंही नाही, एवढं मात्र खरं.

या चित्राला एक जोडीदार चित्र आहे, हे मला नंतर वाचनात आलं. सरानं आदल्याच वर्षी, म्हणजे १८८३-८४ मध्ये, समोरच्या काठाचं चित्र काढलं होतं. आस्निएर नावाच्या गावाजवळचा काठ. तिथे कामगार मंडळी आणि पोरं आंघोळीला आली आहेत. मागे कारखान्यांची धुराडी, रेल्वेचा पूल. कुणी कपड्यांच्या ढिगाजवळ पाय सोडून बसलंय, कुणी पाण्यात कमरेएवढं उभं. लाल टोपीवाला एक पोरगा दोन्ही हातांचा कर्णा करून पलीकडच्या काठाला साद घालतोय. हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि बेटाचं चित्र अमेरिकेत शिकागोला. पण मनात दोन्ही समोरासमोर ठेवून पाहा. एका काठावरून पोरगा हाक मारतोय आणि दुसऱ्या काठावर कुणी ओ देत नाही. आणि आणखी एक, त्या आंघोळीच्या काठावर एकही बाई नाही.

नदी एक, काठ दोन. आपल्याला हे काय नवीन आहे? पाण्याकाठी कुणी बसायचं आणि कुणी नाही, यासाठी आपल्या महाराष्ट्रात केवढे लढे झाले! १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं. आणि २ मार्च १९३० पासून आमच्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिर रामकुंडापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. त्या सत्याग्रहात बायकाही होत्या, आणि तो एकदोन दिवस नव्हे, काही वर्षं चालला. म्हणून घाटाच्या पायरीवर बसताना मला नेहमी वाटतं, ही पायरी दिसते तेवढी सोपी नाही. इथे बसायला मिळणं ही गोष्ट कुणीतरी मिळवलेली आहे.

असो. आता चित्राच्या कारागिरीबद्दल सांगते, कारण वर्गात मुलांना खरी मजा आली ती त्यातच. आणि हा भाग तुमच्या-माझ्या घरातलाच आहे.

सरा रंग पॅलेटवर कालवून एकजीव करून लावत नसे. शुद्ध रंगांचे छोटे छोटे फटकारे आणि ठिपके तो शेजारी शेजारी ठेवी. निळ्याशेजारी लाल ठिपके ठेवले, तर लांबून आपल्या डोळ्याला जांभळट भास होतो. रंग मिसळण्याचं काम चित्रकारानं न करता पाहणाऱ्याच्या डोळ्यानं करायचं. या पद्धतीला मराठीत बिंदुवाद म्हणतात.

ही कल्पना त्याला कुठून मिळाली? तर एका रंगाऱ्याच्या तक्रारीतून, असं म्हटलं तरी चालेल. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणारा सरकारी कारखाना होता. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई खात्याचे प्रमुख होते. (साबण आणि मेणबत्ती यांच्यामागची चरबीची रसायनविद्या उलगडणारे तेच.) तिथे तक्रार आली, की तुमचा काळा रंग काळाकुट्ट दिसत नाही, फिका दिसतो. शेव्रलनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती! शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. यावर त्यांनी १८३९ साली मोठं पुस्तक लिहिलं. एक रंग शेजारच्या रंगामुळे बदलून दिसतो, हा त्याचा गाभा. सरानं ते अभ्यासलं होतं. शेव्रल स्वतः १०२ वर्षं जगले.

आता सांगा, यासाठी पॅरिसला जायला हवं का? साडीवर ब्लाउजपीस लावून पाहताना आपण हेच करतो. दुकानात सुंदर दिसलेला मोतिया रंग घरी हिरव्या साडीवर ठेवला की गुलाबी मारतो, आणि आपण दुकानदाराला बोल लावतो. आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी घ्या. धूपछाँव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलला की कधी हा रंग वर येतो, कधी तो. आणि लांबून पाहिलं तर तिसराच. विणकरानं रंग कालवलेला नसतो, नुसते दोन धागे शेजारी बसवलेले असतात. उरलेलं काम आपला डोळा करतो. सराच्या आधी कितीतरी वर्षं आपल्या मागावर हे चालत आलेलं आहे.

आणि ठिपके? ते तर आपल्या दारात रोज सकाळी पडतात. वर्गात मुलींना मी म्हटलं, रांगोळीसारखे ठिपके काढा, पण रेघांनी जोडू नका, रंगीत ठिपक्यांनीच भरा. स्केचपेननं पिवळ्या आणि निळ्या ठिपक्यांची पानं भरली आणि फळ्याजवळ लावून मागच्या बाकावरून पाहिली. कुणाला हिरवट दिसलं, कुणाला राखी. वाद झाला. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. असे ठिपके लांबून थोडे धुरकट होतात, सराच्या चित्रालाही तो किंचित धुक्याचा पदर आहे. तुम्हीही घरी मुलांना हे करायला द्या, सुट्टीतली एक दुपार सहज निघून जाते. हाताशी भिंग असेल तर याच अंकाचं मुखपृष्ठ त्याखाली धरून पाहा. छपाईचे रंग म्हणजे निव्वळ ठिपके, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब पडला तर तोही भिंगाचं काम करतो. लाल, हिरवे, निळे कण दिसतात. (थेंब लगेच पुसा, नाहीतर बोलणी मला बसतील.)

मराठी माणसांत ही ठिपक्यांची वाट ज्यांनी आपलीशी केली ते नारायण श्रीधर बेंद्रे. जन्म इंदूरचा, १९१० चा. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात त्यांनी चित्रकलेचा विभाग घडवला, १९६६ पर्यंत तिथे शिकवलं, मग मुंबईत राहिले. उत्तरआयुष्यात त्यांनी बिंदुवादी पद्धतीनं खूप चित्रं केली. पण त्यांच्या ठिपक्यांतून साकारल्या त्या आपल्याकडच्या बायका, खेड्यातल्या, कामात असलेल्या, एकमेकींजवळ असलेल्या. मला तो फरक फार आवडतो. पद्धत परदेशी, पण माणसं आपली, आणि लाकडी बाहुल्यांसारखी नव्हेत. १९९२ साली बेंद्रे गेले. आणि गंगाघाट म्हणाल, तर तो जलरंगात पाहावा आमच्या नाशिकच्या शिवाजी तुपे यांच्या चित्रांत. त्यात पाणी आणि देवळं तर आहेतच, पण गर्दीही आहे.

रंगांवरून एक घरगुती गोष्ट आठवली. सरानं हिरवळीवर ऊन दाखवायला जस्तापासून केलेला एक पिवळा रंग वापरला. रंग नवा होता, बाजारात आला होता, त्यानं विश्वासानं वापरला. काही वर्षांतच तो मळला, पिवळ्याचा तपकिरी झाला. १८९२ मध्येच त्याच्या एका समीक्षक मित्रानं लिहून ठेवलं, की चित्रातलं ऊन कमी झालंय. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे प्रकार उलटा, रंग उडाला नाही, काळवंडला. हा बदल सराच्या हयातीतच दिसू लागला होता. मार्च १८९१ मध्ये, अवघ्या थोड्या दिवसांच्या आजारानं, एकतिसाव्या वर्षी तो गेला. आपल्याबरोबर राहणारी स्त्री आणि आपलं वर्षाचं बाळ यांची ओळख त्यानं आईला करून दिली ती मृत्यूच्या अगदी तोंडावर. तोवर घरात कुणाला पत्ता नव्हता. एवढ्या माणसांना एका चित्रात आणणाऱ्याला आपल्याच घरातली तीन माणसं एकत्र आणायला एवढा उशीर झाला.

चित्र पुढे १९२४ साली एका अमेरिकन दांपत्यानं विकत घेतलं आणि शिकागोच्या कलासंग्रहालयाला दिलं. १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी ज्या इमारतीत आपलं प्रसिद्ध भाषण केलं, तेच हे संग्रहालय. १९५८ मध्ये चित्र न्यूयॉर्कला पाहुणं म्हणून गेलं असताना तिथे आग लागली. चित्र थोडक्यात बचावलं. तेव्हापासून त्याला घराबाहेर पाठवत नाहीत.

आता मला खरं सांगायचंय ते सांगते.

चित्रात डावीकडे, अगदी पाण्याच्या काठाला, एक बाई एकटी उभी आहे. हातात गळाची काठी, मासे धरते आहे. बाकी सगळ्या घोळक्यात, ही पुढे. मला ती फार आवडली. पण तिच्याविषयी वाचायला गेले तर काय सापडावं? पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं, की ही बाई ‘तसली’ असावी. का? तर फ्रेंचमध्ये मासे धरणं आणि पाप करणं हे दोन शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात, आणि चित्रकारानं त्यावर कोटी केली असेल. असेलही, मी काही फ्रेंच जाणत नाही. पण मला प्रश्न पडला तो निराळा. त्याच चित्रात बिनबाह्यांचा सदरा घातलेला एक पुरुष पाईप ओढत हिरवळीवर आडवा पडला आहे. त्याच्या आडवं पडण्याबद्दल कुणी एवढा खल केला नाही. तो दमला असेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बाई पाण्याकाठी एकटी दिसली की मात्र तिचं काहीतरी कारण शोधायचं.

मी हे वाचून हसले होते. आणि पुढच्याच रविवारी दुपारी मी गंगेवर गेले. मुद्दाम, काही काम न काढता. गांधी तलावाच्या पुढे, जिथे गर्दी जरा कमी असते, तिथल्या पायरीवर बसले. पिशवी नाही, पूजेचं ताट नाही, बरोबर मुलं नाहीत. दहा मिनिटं झाली असतील. शेजारी द्रोणात फुलं आणि दिवे विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी उठून जवळ आल्या.

“बाई, घरी समदं ठीक हाय ना?”

“हो मावशी. का हो?”

“न्हाई, मघापासून पाहून राहिले मी. एकल्याच बसल्या, पान्याकडं पाहत. म्हनलं इचारावं.”

माझ्या लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यांना वाटलं होतं, मी जीव द्यायला आले! त्यांनी काळजीनं विचारलं होतं, मला राग मुळीच आला नाही. इतकी वर्षं घाटावर बसणाऱ्या बाईनं काय काय पाहिलं असेल, कोण जाणे. मी म्हटलं, “काही नाही हो, सहज बसले. तुम्ही नाही का बसत रोज?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “मी बसते, पन माझ्यापुढं पाटी हाय. मला कोन इचारतंय?”

मैत्रिणींनो, बी.ए.ला मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण हे वाक्य कुठे वाचलं नव्हतं. बाईपुढे पाटी हवी. फुलांची असो, धुण्याची असो, भाजीची असो. पाटी असली की ती काठावर दिवसभर बसली तरी कुणाला शंका येत नाही. पाटी नसली की दोनच अर्थ निघतात, एकतर ती वाईट आहे नाहीतर दुःखी आहे. ती बरी आहे आणि बसली आहे, हा तिसरा अर्थ कुणाच्या डोक्यातच येत नाही. पॅरिसच्या पंडितांच्याही नाही आणि आमच्या मावशींच्याही नाही.

घरी येऊन सांगितलं. आमचे हे हसले, म्हणाले, “मग घरात गॅलरीत बसत जा की!” मुलगी सहावीत आहे, ती म्हणाली, “आई, गॅलरीत तू बसलीस तर वाळलेले कपडे काढायला लागतेस.” मुलांचं लक्ष आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण रात्री अंथरूण घालताना म्हणाल्या, “पुढच्या रविवारी मी येईन गं तुझ्याबरोबर.”

त्या खरंच आल्या. लग्न होऊन नाशकात आल्याला त्यांना पन्नास वर्षं व्हायला आली. या पन्नास वर्षांत गंगेवर किती वेळा गेल्या असतील, मोजदाद नाही. पूर आला की दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघायला, सिंहस्थात नातेवाइकांना घेऊन, सासऱ्यांच्या दहाव्याला. येताना पिशवीत कापूस घेतला होता, वाती वळायला. “हात रिकामे कशाला ठेवायचे?” म्हणाल्या. मला सराच्या चित्रातली ती बाई आठवली, आडव्या पडलेल्या पुरुषाच्या शेजारीच बसलेली. तो पाईप ओढतोय आणि तिची मान मात्र हातातल्या विणकामासारख्या कशात तरी खाली आहे. बेटावर येऊनही पाटी तिच्याजवळ आहेच.

मी काही बोलले नाही. सासूबाईंनी पहिल्या रविवारी साठ-सत्तर वाती वळल्या. दुसऱ्या रविवारी दहा-बारा झाल्या आणि मग मला त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत बसल्या. त्या विहिरीत त्या पोहायला शिकल्या होत्या, हे आमच्या ह्यांनाही माहीत नव्हतं! तिसऱ्या रविवारी कापूस पिशवीतच राहिला. मावशींनी दुरूनच विचारलं, “आज दोघी का?” म्हटलं, “हो, दोघी.”

तर आता आमचं ठरलंय. रविवारी साडेचार ते साडेपाच. मोबाइल घरीच. चार महिने झाले, दोन-तीन खाडे सोडले तर चाललंय. सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. रविवारचा साडेचारचा चहा कोणी करायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ह्यांनी दोनदा केला, एकदा दूध उतू गेलं आणि ओट्याची सफाई मलाच करावी लागली. जाऊबाईंनी फोनवर विचारलं, “तुम्हा दोघींचं काय नवीन व्रत आहे का?” सासूबाई म्हणाल्या, “हो.” व्रत म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात, हे त्यांना बरोबर ठाऊक.

तुमच्या गावाला नदी नसेल तर तळं असेल, धरणाचा कालवा असेल, निदान गच्चीवर पाण्याची टाकी तरी असेल. जागेचं तेवढं महत्त्व नाही. वेळ मात्र घड्याळानं ठरवा, ‘जमेल तेव्हा’ म्हटलंत तर कधीच जमणार नाही. आधी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे शोधाशोध होत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारा, येता का म्हणून. नाही म्हणाले तर आग्रह करू नका, दुसऱ्यांदा विचारा. मुलीला मात्र एकदा तरी बरोबर न्याच. आई काही न करता बसलेली आहे आणि तरी ती बरी आहे, हे तिनं लहानपणीच पाहिलेलं असावं. आणि कुणी काळजीनं विचारलंच, घरी सगळं ठीक आहे ना, तर रागावू नका. ठीक आहे म्हणून सांगा, आणि उठू नका.